गाडीवर नाव, नावेवर गाडी, गाडीवर गाडी

१८९८च्या ऑगस्टमध्ये जेम्स वॉर्ड पॅकार्ड नावाच्या माणसाने अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात एक नवीकोरी मोटार विकत घेतली. पॅकार्ड शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर. भावाबरोबर विजेचे दिवे बनवायचा धंदा होता, वय चौतीस. मोटार बनवणारा अलेक्झांडर विंटन स्कॉटलंडहून आलेला, आधी सायकली बनवायचा. पॅकार्डने ती मोटार स्वतः चालवत आपल्या गावी, वॉरनला न्यायचं ठरवलं. अंतर साधारण ८० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून महाबळेश्वरही गाठता येणार नाही इतकं. वाटेत ती इतक्या वेळा बंद पडली की शेवटच्या टप्प्यात तिला घोडे जुंपावे लागले.

पुढची गोष्ट प्रसिद्ध आहे. पॅकार्डने तक्रारी सुरू केल्या, आणि ‘एवढा शहाणा असशील तर तूच बनव’ असं विंटनने त्याला सुनावलं म्हणतात. ६ नोव्हेंबर १८९९ला पॅकार्डची पहिली मोटार रस्त्यावर आली आणि पुढची काही दशकं ‘पॅकार्ड’ हे अमेरिकी श्रीमंतीचं दुसरं नाव झालं.

आमच्या क्षेत्रात हा किस्सा स्टार्टअपची दंतकथा म्हणून सांगतात. चिडलेलं गिऱ्हाईक उद्योजक होतं, वगैरे. मला मात्र त्यात दुसरंच काहीतरी दिसतं. मोटार हा असा माल होता जो स्वतःच्या पायाने गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ शकत होता, आणि तसं जाणंच त्याला परवडत नव्हतं. विंटनने त्या वर्षी २२ मोटारी विकल्या. त्या चालवत पोचवायच्या तर रस्ते कच्चे, चाकं झिजणार, चालकाला परतीचा प्रवास. शिवाय गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत नवी गाडी जुनी झालेली. तेव्हा १८९८-९९च्या सुमारास त्याने आपल्याच एका मोटारीच्या मागच्या भागावर एका गाड्याचं पुढचं टोक टेकवलं, गाड्याला मागे दोन चाकं ठेवली, आणि विकलेली मोटार उतरत्या फळीवरून ढकलत त्यावर चढवली. एका खेपेला एक मोटार. आज चाकणहून हायवेला लागणारे, दोन मजल्यांवर आठ-दहा गाड्या रचलेले लांबलचक ट्रेलर याच गाड्याचे वंशज आहेत.

आपल्याकडे म्हण आहे, कधी गाडीवर नाव तर कधी नावेवर गाडी. गाडीवर गाडी हा प्रकार म्हणीत बसला नाही, कारण तेव्हा तो फारसा नव्हताच. आणि तो इतर मालासारखा नाही. धान्याचं पोतं ठेवलं की पडून राहतं. गाडीला मात्र खाली चाकं आहेत, म्हणजे ती लोळण्यासाठीच बनवलेली आहे. वर स्प्रिंगा आहेत, म्हणजे ती उसळण्यासाठीही बनवलेली आहे. तिला माल म्हणून वाहायचं तर तिचा हा सगळा स्वभाव काही तासांपुरता बंद करावा लागतो.

हे काम मोटारींच्याही आधी शिकलं कोण, तर सर्कसवाले. १८७२मध्ये बार्नमची सर्कस रस्त्याने फिरणं सोडून रेल्वेने फिरू लागली. कल्पना त्याचा भागीदार विल्यम कूप याची. पिंजरे, रथ, तंबूचं सामान, सगळं घोड्यांनी ओढायच्या लाकडी गाड्यांत भरलेलं. या गाड्या रिकाम्या न करता तशाच सपाट वॅगनींवर चढवायच्या होत्या. रेल्वेने दिलेल्या वॅगनी एका उंचीच्या नव्हत्या, माणसांना सवय नव्हती, आणि पहिल्याच मुक्कामी चढवाचढवीत अख्खी रात्र गेली. पण कूपने हट्ट सोडला नाही. त्याने वॅगनींच्या बाजूने गाड्या चढवायची पद्धत मोडली. गाडीच्या एका टोकाला उतरती फळी लावायची, दोन वॅगनींमधल्या फटीवर लोखंडी पत्रे टाकायचे, आणि पहिली सर्कसगाडी थेट दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्यायची. तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. घोडे वॅगनींच्या शेजारून जमिनीवर चालत दोर ओढायचे. एक माणूस गाडीची दांडी हातात धरून तिला वळण द्यायचा. उतरवताना दोर एका खांबाला दोन वेढे देऊन सैल सोडत जायचा, म्हणजे उतारावर गाडी सुसाट सुटत नाही. जागेवर आली की चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी.

दांडी धरणाऱ्या माणसाचं काम सगळ्यात धोक्याचं. चाक जरा वाकडं पडलं की दांडी फटका मारायची, आणि मागून टनभर वजन येत असायचं. सर्कसच्या जाहिरातींमध्ये वाघ-सिंहांची चित्रं असायची. या माणसाचं चित्र कुठल्याच पोस्टरवर नसायचं.

(एक अवांतर, माझ्या धंद्यातलं. एका टोकाने चढवून दुसऱ्या टोकाने उतरवलं तर ती रांग होते, जो पहिला चढला तो पहिला उतरतो. ज्या टोकाने चढवलं त्याच टोकाने उतरवायचं तर ते ताटांच्या चळतीसारखं, शेवटचं आधी, आणि तेही रिव्हर्समध्ये. कॉलेजात मला हे दोन प्रकार शिकवायला अख्खं युनिट लागलं होतं.)

आपल्या रेल्वेतही ही युक्ती जिवंत आहे. वय झालेल्या प्रवासी डब्यांच्या खिडक्या-दारं बंद करून, आतली बाकं काढून, टोकाला दरवाजे बसवून मोटारी वाहायच्या वॅगनी केल्या जातात. रेल्वेच्या भाषेत त्यांना एनएमजी म्हणतात. टोकाच्या डब्यातून आत शिरलेली नवी कार डब्यामागून डबे ओलांडत पुढे जाते. दीडशे वर्षांपूर्वीच्या पिंजऱ्यांच्या जागी आता हॅचबॅक आहेत, एवढंच.

रुळांवर एक मोठी सोय असते. वॅगनीखाली दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यामुळे भार थोडा मागे-पुढे झाला तरी वॅगन कलंडत नाही. रस्त्यावर ओढायच्या ट्रेलरला ही चैन नाही. १९१४मध्ये डेट्रॉइटच्या फ्रेडरिक सिबली या लाकडाच्या व्यापाऱ्याला आपली होडी उन्हाळी सुट्टीच्या जागी न्यायची होती. तो ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराकडे गेला. फ्रूहॉफने फोर्डच्या मॉडेल टीला मागे जोडायचा एक गाडा बनवून दिला आणि त्याला सेमी-ट्रेलर म्हटलं. म्हणजे शब्दशः गाडीवर नाव! सिबलीला तो इतका आवडला की लाकडाच्या वखारीसाठीही त्याने तसेच गाडे मागवले, आणि लोहाराची ट्रेलर कंपनी झाली.

असा गाडा ओढताना सगळा खेळ एका आकड्याचा असतो: जोडावर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या हुकवर, खालच्या दिशेने किती वजन पडतंय. इंग्रजी मॅन्युअलांमध्ये यावर पानंच्या पानं आहेत. माझे आजोबा हे एका शब्दात सांगायचे. बैलगाडी भरताना ओझं मागे जास्त झालं की गाडी ‘उलाळ’ होते, धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटून गळ्यातल्या पट्ट्यांना फास बसतो. ओझं फार पुढे आलं की धुरेवर जड, बैलांच्या माना मोडतात. भरणाऱ्याने दर थराला धुरा हाताने उचलून बघायची. हलकी वाटली तर पुढे रचायचं, उचलेना तर मागे सरकवायचं. आजोबांनी कधी आकडा सांगितला नाही, त्यांच्या मनगटाला तो माहीत होता.

अमेरिकी पुस्तकांत तो आकडा ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असा दिलेला असतो. हिशेब करून बघू. कार १,२०० किलोची, ट्रेलर स्वतः ६०० किलोचा. एकूण १,८००, म्हणजे हुकवर १८० ते २७० किलो यायला हवेत. हुकपासून ट्रेलरच्या आसापर्यंतचं अंतर ४ मीटर धरलं तर कार फक्त ३० सेंटिमीटर मागे सरकवल्याने हुकवरचं वजन ९० किलोंनी कमी होतं. शाळेतली फूटपट्टी आठवा, तेवढंच अंतर. २०० किलो असलेले ११० होतात. आणखी एक पट्टी मागे सरकलात की उरतात २०. डोळ्यांना कार दोन्ही वेळी ‘मधोमधच’ दिसते.

युरोपात हे प्रमाण बरंच कमी चालतं, कारण तिथल्या लहान गाड्यांच्या हुकला तेवढा भार झेपत नाही. पण मग वेगालाही लगाम आहे. जर्मनीत कारमागे ट्रेलर असेल तर साधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर. या दोन गोष्टींचा संबंध आहे. मागे जड झालेला ट्रेलर कमी वेगात गुपचूप चालतो. एका ठरावीक वेगाच्या वर गेलं की वाऱ्याच्या एखाद्या झोताने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकच्या धक्क्याने तो डावी-उजवीकडे झुलायला लागतो, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा असतो. चालक घाबरून स्टिअरिंग उलटं फिरवतो. पण माणसाची प्रतिक्रिया अर्धा सेकंद उशिरा येते, तोवर ट्रेलर परत फिरलेला असतो, त्यामुळे ती दुरुस्ती झोक्यालाच बळ देते. उशिरा पोचणारा फीडबॅक सिस्टिम कशी पाडतो हे मी सर्व्हरवर पाहिलंय. इथे सर्व्हरच्या जागी माणसं बसलेली असतात.

माझा मावसभाऊ ओहायोतून टेक्सासला घर हलवत होता. भाड्याचा ट्रक, मागे ट्रेलर, ट्रेलरवर स्वतःची कार. कार चढवताना त्याने सगळं नीट केलं होतं. मग शेवटच्या क्षणी उरलेलं सामान, पुस्तकांची खोकी आणि दोन मोठे कुकर धरून, कारच्या डिकीत कोंबलं गेलं. केंटकीच्या एका उतारावर ट्रेलर झुलायला लागला. शेजारी बायको, मध्ये चार वर्षांची मुलगी. त्याने ब्रेक दाबला नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ घट्ट धरलं आणि वाट बघितली. ‘ती दहा सेकंदं’ असं तो म्हणतो आणि पुढे बोलत नाही. पुढच्या थांब्यावर त्याने डिकी रिकामी करून सगळी खोकी ट्रकमध्ये टाकली, आणि टेक्सासपर्यंत ट्रेलर पुन्हा हलला नाही.

म्हणून चढवण्याचे नियम दिसतात किरकोळ, पण प्रत्येकामागे उलाळ झालेला कुठलातरी गाडा आहे. जागा सपाट हवी. ट्रेलर आधी ओढणाऱ्या गाडीला जोडलेलाच हवा, कारण कारची पुढची चाकं फळीवरून ट्रेलरच्या शेपटावर आली की सगळा भार आसाच्या मागे असतो. सुटा ट्रेलर तेव्हा सी-सॉसारखा नाक वर करतो. जोडलेला असला तरी तो ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग उचलायला बघतो, म्हणून शेपटाखाली टेकू देतात. चढणाऱ्या गाडीच्या मागे कुणी उभं राहायचं नाही, ‘येऊ दे, येऊ दे’ करणारा मित्र तर अजिबात नाही, त्याने बाजूला उभं राहून ओरडावं. इंजिन पुढे असलेली कार सरळ चढवतात, म्हणजे जड टोक पुढे येतं. नॅनोसारखी मागे इंजिन असलेली गाडी उलटी चढवलेली बरी.

आता बांधणं. इथे इतिहास दोरांचा आहे. विंटनच्या काळात ताग-अंबाडीच्या जातीचे दोर आणि साखळ्या. नैसर्गिक धाग्याचा दोर भिजला की आखडतो आणि वाळला की सैल पडतो, म्हणजे पावसात बांधलेली गाडी उन्हात सुटायला मोकळी. साखळी ताणत नाही, पण स्प्रिंगवर उसळणाऱ्या वजनाला ती झटके देते. १९३५मध्ये अमेरिकेत नायलॉन आलं. मजबूत, पण ताणलं जातं, आणि ताणणारी वस्तू बांधायला घेणं म्हणजे गाडीला रबर लावण्यासारखंच. १९४१मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिएस्टरच्या धाग्याचं पेटंट घेतलं. ते कपड्यांसाठी होतं, त्यांच्या कंपनीचा धंदाच छापील सुती कापडाचा. पण हा धागा कमी ताणतो आणि पाण्याने बिघडत नाही. आज जगभरातल्या ट्रेलरवर दातेरी चक्राने आवळायचे जे रुंद पट्टे दिसतात ते याच धाग्याचे. तुमच्या सुरकुत्या न पडणाऱ्या ऑफिसच्या शर्टातही तोच आहे.

पट्टा कुठे लावायचा यावर जुन्याजाणत्यांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, चेसिसला लावून गाडी खाली खेचा, स्प्रिंगा दाबून टाका. दुसरा म्हणतो, पट्टे चाकांवरून घ्या आणि वरचं धूड स्प्रिंगांवर खुशाल डोलू द्या. मी दुसऱ्या पंथाचा. चेसिसला बांधलेली गाडी खड्ड्यात क्षणभर आणखी दबते, त्या क्षणी पट्टा ढिला होतो, आणि ढिल्या पट्ट्याचा साधा हुक गळून पडायला तेवढा क्षण पुरतो. चाक मात्र ट्रेलरच्या फळीवर बसलेलं असतं, ते फारसं उसळत नाही. ज्या गाडीची बॉडी वर-खाली डोलतेय ती पाहून मागचे लोक घाबरतात, पण तिची चाकं हलत नसतील तर ती बांधलेली आहे. हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची, पण त्या दोघांवर विसंबायचं नाही.

किती मजबूत बांधायचं हे मोजून ठरवायला मोटारीच्या जन्मानंतर जवळपास शंभर वर्षं गेली. १९९०च्या दशकात कॅनडात यावर पद्धतशीर प्रयोग झाले. त्यांच्या आधारे अमेरिकेने सप्टेंबर २००२मध्ये नवे नियम जाहीर केले, आणि १ जानेवारी २००४पासून मालवाहतुकीच्या धंद्यातल्यांना ते पाळणं भाग पडलं. नियमाचा गाभा असा: जोरात ब्रेक लागल्यावर माल स्वतःच्या वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे जाऊ बघेल, वळणावर आणि मागच्या बाजूला ५० टक्के, आणि बांधणीने हे सगळं पेलायला हवं. आपल्या १,२०० किलोच्या कारसाठी पुढच्या दिशेने ९६० किलोचा जोर. पट्टा ४५ अंशांत तिरका ओढलेला असेल तर त्याची सत्तरेक टक्केच ताकद या कामी येते. हलक्या वाहनाला कमीत कमी दोन बांधण्या, पुढे एक आणि मागे एक. साडेचार टनांवरच्या वाहनांना चार. जेसीबीसारख्या यंत्राचं बकेट खाली टेकवून तेही बांधायचं. आणि निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत, म्हणजे ८० किलोमीटरमध्ये, थांबून पट्टे तपासायचे. मला हा शेवटचा नियम सगळ्यात शहाणा वाटतो. कितीही नीट बांधलं तरी ते थोडं सैल होणारच, हे त्यात आधीच मान्य केलेलं आहे.

आपल्याकडचा अनुभव वेगळा आहे. सांगली-कोल्हापूरकडे हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने शिगोशीग भरून जातात आणि चढावर मागची ट्रॉली साप वळवळावा तशी हलते. तिच्यामागे दुचाकीवर असलेल्या प्रत्येकाला तिथला उलाळ दिसत असतो. बैल असते तर त्यांनी तक्रार केली असती. ट्रॅक्टर काही बोलत नाही, फक्त पुढची चाकं रस्त्यावरून हलकी होतात.

महामार्गाच्या बाबतीत मात्र आपण एक अनोखी गोष्ट करून दाखवली. २६ जानेवारी १९९९ला कोकण रेल्वेने कोलाड ते गोव्यातल्या वेर्णापर्यंत रो-रो सेवा सुरू केली: भरलेले ट्रक थेट सपाट वॅगनींवर. कूपचीच पद्धत, टोकाला रॅम्प आणि वॅगनींवरून पुढे जाणारे ट्रक. चढण्याआधी ट्रकची उंची तपासली जाते, कारण पुढे बोगद्यांची माळ आहे. २०२५मध्ये गणपतीच्या तोंडावर, २३ ऑगस्टपासून, हीच सेवा खासगी मोटारींसाठी सुरू झाली. एका खेपेत ४० कार, वॅगनीमागे दोन, एका कारला ७,८७५ रुपये, प्रवास १२ तासांचा. सुरुवातीला प्रतिसाद थंड होता. मुंबईहून कोलाडपर्यंत आधी चालवत जा, आणि गणपती सावंतवाडीला असला तर वेर्ण्याहून उलटे या, हे गणित लोकांना पटलं नाही. मग मध्ये नांदगावला थांबा दिला गेला. चौपदरीकरणाची वाट बघून थकलेल्या रस्त्याला हा पर्याय आहे की त्या रस्त्याची कबुली, यावर आमच्या ऑफिसच्या कोकणी कंपूत दोन तट आहेत.

कारवाल्यांना गाडीत बसू देत नाहीत. कार मागे वॅगनीवर आणि माणसं वेगळ्या डब्यात. ट्रकच्या रो-रोमध्ये मात्र चालक आणि क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून जातात. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, समोर स्टिअरिंग, आणि काचेपलीकडे कोकण स्वतःहून सरकतंय. पावसाळ्यात वाइपर चालवायचीही गरज नसते. ज्या रस्त्यावर रात्रभर डोळे ताणून बसावं लागतं त्याच्या शेजारून, सीटवर पाय पसरून, तो माणूस झोपलेला असतो.